बाळंतिणीच्या खोलीतली हवा

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज कोणी घालून दिला ते मला माहीत नाही. पण घालताना त्याने माहेरी आई असणार हे धरून चाललं असणार. माझ्या लेकीच्या माहेरी आई नव्हती. मी होतो.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. चौक गावाच्या पुढे, जुन्या हायवेपासून थोडं आत आमचं गाव. तिथल्या स्लॅबच्या घरात मी एकटा राहायचो. रसायनीच्या एका कारखान्यात कूलिंग टॉवर सांभाळण्यात माझी एकतीस वर्षं गेली. कूलिंग टॉवर म्हणजे तापलेलं पाणी वरून पाडायचं, त्यातून मोठ्या पंख्याने हवा ओढायची आणि थंड झालेलं पाणी परत यंत्रांकडे धाडायचं. एवढंच काम. पण तेच काम एकतीस वर्षं केल्यावर माणसाला वाटायला लागतं की जगातला सगळा गारवा आपल्याच हाताखालून जातो. मलाही तसं वाटायचं, आणि मी ते लोकांना ऐकवायचोही.

लेकीने सातव्या महिन्यातच सांगून टाकलं, "मी माहेरीच जाणार." कारण तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला ते हवंच होतं. खरं सांगतो, एकट्यापुरता कुकर लावायचा मला वीट आला होता. घरात कोणीतरी रडावं, कोणीतरी माझ्यावर ओरडावं, असं फार वाटायचं.

चार दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला. त्यांचा फ्लॅट खारघरला, सातव्या मजल्यावर. बाई बोलायला गोड आणि मुद्द्याला पक्क्या.

"अहो, तारीख एप्रिलअखेरची आहे. म्हणजे पुढे सगळा मे महिना. तुमच्याकडे उकाडा किती असतो! इथे एसी आहे, पोरीला आणि बाळाला बरं पडेल."

मी म्हणालो, "तिची इच्छा आहे."

"हो ना, मोडवत नाही. मग असं करू, बारशापर्यंत राहू दे. बारशाला आम्ही येतोच आहोत. त्रास होत असला तर येताना दोघींना इकडे घेऊन येऊ."

"चालेल," मी म्हणालो. फोन ठेवला आणि बोटांवर दिवस मोजले. बारसं म्हणजे बारावा दिवस. बाळंतीण सव्वा महिना राहते माहेरी. म्हणजे पुढचा जवळजवळ महिनाभर लेक आणि नातवंड माझ्याकडे राहणं एका एसीवर अडून होतं. त्याच दिवशी ठरवलं, ती खोली अशी करायची की बारशाला आलेल्या विहीणबाईंना बोट ठेवायला जागा मिळता कामा नये.

आमच्याकडचा उकाडा देशावरच्यासारखा नसतो. तिकडे ऊन भाजून काढतं, पण सावलीत गेलं की माणूस माणसात येतो. इकडे सावलीतही घाम निथळतो आणि निथळलेला घाम वाळत नाही. डोंगराच्या पायथ्याशी हवा अडून बसते. त्यात आमचं घर स्लॅबचं. कौलं उतरवून स्लॅब टाकला तेव्हा मी गावभर पेढे वाटले होते. तो स्लॅब दिवसभर तापायचा आणि आम्ही जेवून आडवे झालो की डोक्यावर ती सगळी ऊब सोडायला लागायचा. पंखा लावला तर वरची गरम हवा खाली यायची.

एसीचा विचार मी केला नाही असं नाही. वायरमन आला, मीटर बघितला, डोकं खाजवलं. आमच्या आसपास फार्महाउसं झाली आहेत. शनिवारी संध्याकाळी त्यांचे एसी एकदम सुरू झाले की आमच्या ट्यूबा डोळे मिचकावतात. तो म्हणाला, "काका, बसवून देतो, पन चालंल का नाय ते वरच्यालाच ठाऊक." शिवाय लाईट गेली की एसी म्हणजे भिंतीवरची पेटी. तो विषय तिथेच संपला.

कारखान्यातला माझा एक जुना सोबती सोलापूरकडचा. तो फोनवर म्हणाला, "कूलर घे की." त्याला मी अर्धा तास शिकवलं. कूलर हवेत पाणी घालून गारवा देतो. तुमची हवा कोरडी, ती पाणी पिते. आमची हवा आधीच पिऊन टम्म. इथे बंद खोलीत कूलर लावला तर चार दिवसांत पापड मऊ आणि आठ दिवसांत गादीला बुरशी. त्याने निमूट ऐकून घेतलं. आपण फार हुशार आहोत असं मला दिवसभर वाटत राहिलं, आणि त्याच हुशारीत मी पुढचा उद्योग केला.

माझं गणित असं होतं. उष्णता वरून येते, म्हणजे स्लॅब थंड ठेवायचा. पाणी खोलीत नको, बाहेर उडून जाऊ दे. नुसतं पाणी मारलं तर ते दहा मिनिटांत सुकतं, म्हणून ते धरून ठेवणारं काहीतरी पसरायचं. चुलत भावाकडे पेंढा पडून होता. दोन बैलगाड्या पेंढा मी स्लॅबवर चढवला, वीतभर जाड पसरला आणि रोज सकाळ-दुपार पाइपने भिजवायला लागलो. पहिल्याच दिवशी खोलीचा पारा थोडा उतरला. मी थर्मामीटर हातात घेऊन शेजाऱ्यांना दाखवत फिरलो.

गणित चुकीचं नव्हतं. पेंढ्यात भाताचे दाणे होते, हे मी गणितात धरलं नव्हतं. यंदा झोडणी घाईत झालेली, निम्मी लोंबं तशीच राहिलेली. भात पिकवणाऱ्या गावात जन्मलेला माणूस मी, आणि भाताच्या पेंढ्याला भर उन्हात रोज दोन वेळा पाणी घालत होतो. नवव्या दिवशी सकाळी वर गेलो तर सगळा स्लॅब हिरवागार. बोटभर रोपं डुलत होती. शेजाऱ्याची शेळी जिना चढून वर आली होती आणि डोळे मिटून चरत होती.

गावात बातमी पसरायला वेळ लागतो थोडाच! मंडळी मुद्दाम वाट वाकडी करून घरावरून जायला लागली. "स्लॅबवर भाताचा राब पेरलास काय रं?" "लावणीला मानसं किती लागतील ते सांग, आमी येतो." "खत कंचं घातलं?" मी शेळीवर ओरडलो, मग शेळीच्या मालकावर ओरडलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खाली आलो तर खोलीच्या छताला पाणी झिरपून मोठा ओला डाग पडलेला, नेमका जिथे बाळंतिणीची खाट ठेवायची तिथे वर.

आणि त्याच दुपारी कळंबहून आक्का आली. आक्का माझी मोठी बहीण. आमच्या भावकीतली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. बोचक्यात ओवा, वावडिंग, डिंक, जुन्या लुगड्याची दुपटी आणि धुरीची शेगडी. टेंपोतून उतरून तिने आधी वर बघितलं.

"ह्ये काय रं?"

"गारव्यासाठी."

"अस्सं. भात कापाया कोन येनार हाय?" एवढं बोलून ती आत गेली आणि खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. "बाळंतिनीला वारा लागता कामा नय. पंखा बी नाय. तुझी हुशारी ह्या उंबऱ्याच्या बाहेर ठेव. आनि बापयानं या खोलीत शिरायचं नाय."

मी कारखान्यात पाळीप्रमुख होतो. आक्कापुढे मी कायम शाळकरीच.

लेक सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दोघींना घरी आणलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. बंद खोली, वर तापलेला स्लॅब, कोपऱ्यात ओव्याची धुरी, लेकीच्या कानाला घट्ट रुमाल. दुसऱ्याच दिवशी बाळाच्या मानेवर, काखेत घामोळं उठलं. बारीक लाल पुरळ. ती पोर अंग टाकून रडायची, आणि तिच्याबरोबर लेकही रडायची. मी दाराबाहेर येरझाऱ्या घालायचो. आक्का म्हणायची, "लेकरं रडतातच." पण तिच्याही कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो वारा लागल्यामुळे येत नव्हता एवढं मला कळत होतं. बारशाला आठच दिवस उरले होते. विहीणबाई खोलीत पाऊल टाकतील, बाळाची मान बघतील आणि गाडीचं दार उघडतील, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बाळ-बाळंतिणीला तेल लावायला डोंगरालगतच्या वाडीवरून एक बाई यायची. आक्काच्या ओळखीची, हाताला हलकी, तोंडाने स्पष्ट. त्या सकाळी मालिश करून ती बाहेर आली आणि पदराने गळा पुसत ओट्यावर बसली.

"आक्का, राग मानू नको. या खोलीत पोर शिजंल."

"मंग काय उघड्यावर टाकू?" आक्का भडकली.

"उघड्यावर कोन बोलतंय! माझी पाच बाळंतपनं कुडाच्या घरात झाली. आमाला कंदी वारा लागला नाय, आनि कंदी असं उकडलं बी नाय."

मला आधी रागच आला. एकतीस वर्षं गारव्याचं काम केलेला मी, आणि मला ही शिकवणार! पण पेंढ्याच्या प्रकारानंतर माझा आवाज जरा बसला होता. ती निघाली तसा मी चप्पल घालून तिच्यामागून वाडीवर गेलो.

ऊन चढलं होतं. तिच्या घरात वाकून शिरलो आणि उंबऱ्याच्या आतच थांबलो. घरात गार नव्हतं, पण बरं वाटत होतं. भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या बारीक काठ्या उभ्या लावून, आडव्या कामट्यांनी आवळून बांधलेल्या. कमरेपर्यंत शेणमातीने लिंपलेल्या, त्याच्यावर तशाच मोकळ्या. काठ्यांच्या फटींतून उजेडाच्या रेघा येत होत्या, आणि हवा. कुठून येते ते कळत नव्हतं. मी हात फिरवून शोधत राहिलो तर ती हसायला लागली.

"वरपर्यंत का लिंपत नाही?" मी विचारलं.

"वरपतोर लिंपलं तं जीव गुदमरंल ना भाऊ. निजतो तिथं लिंपायचं, म्हंजे अंगावर झोत येत नाय. वरनं हवा जाते-येते."

मी तिथेच मातीच्या जमिनीवर बसलो. घाम आलेला होता आणि तो वाळत होता. आमच्याकडच्या उकाड्याची गोम हीच आहे. हवा थंड करायला गेलात तर खर्चात जाल. ती हळूहळू हलती ठेवा, अंग आपलं आपण थंड होतं. हे मला कूलिंग टॉवरपाशी उभं राहून एकतीस वर्षांत कळायला हरकत नव्हती. कळलं ते तिच्या घरात बसल्यावर, आणि मी तसं तिला सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "मंग आता उठा, माझा सैपाक व्हायचा हाय."

दुसऱ्या दिवशी ती आणि तिचा नवरा कारवीचे दोन भारे घेऊन आले. बाळंतिणीच्या खोलीला उत्तरेला एक मोठी खिडकी आहे, मागच्या फणसाच्या सावलीत. तिच्या सरकत्या काचा मी काढल्या. त्या काचांची तशीही अर्धीच खिडकी उघडते, अर्धी नेहमी काचेमागे. त्या जागी त्यांनी कुड बांधला. खालचा भाग खाटेच्या उंचीच्या वरपर्यंत लिंपला, वरचा मोकळा ठेवला. समोरच्या भिंतीत छताजवळ एक झरोका होता, जुन्या पत्र्याने बंद केलेला. तो उघडून मी तिथे स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बसवला, सगळ्यात हळू फिरेल असा. हा पंखा कोणावर वारा टाकत नव्हता. वर साठलेली तापलेली हवा बाहेर काढत होता, आणि तिची जागा भरायला फणसाखालची हवा कुडातून गाळून आत येत होती. वीज म्हणाल तर एका जुन्या बल्बाइतकी.

स्लॅबवरचं शेत मी उपटलं. पेंढा उन्हात खडखडीत वाळवला. स्लॅबला चुना मारला, पांढराशुभ्र. मग बांबू उभे करून स्लॅबच्या वर कमरेइतका उंच मांडव घातला आणि वाळका पेंढा त्याच्यावर पसरला, वरून मासेमारीचं जुनं जाळं ताणून बांधलं. आता ऊन पेंढा खायचा, पेंढा आणि स्लॅबच्या मधून वारा जायचा. पाण्याचा थेंब नाही. शेजारी म्हणाला, "यंदा गुरं वर बांधनार का?" मी म्हणालो, "तुझ्या शेळीपासून सुरुवात करतो."

राहिली आक्का. ती खोलीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि कुडाकडे बघत म्हणाली, "खिडकी उघडीच झाली ही."

"आक्का, झोत नाही येत."

"तुज्या सांगन्यावर नाय." तिने देवापाशी जाऊन उदबत्ती पेटवली आणि ती बाळाच्या पाळण्यापाशी धरली. आम्ही सगळे श्वास धरून बघत होतो. धूर फाकला नाही, भोवऱ्यात फिरला नाही. सरळ वर चढला, मग सावकाश तिरपा होत झरोक्याकडे गेला. आक्काने उदबत्ती खाटेवर धरली, दाराशी धरली, कोपऱ्यात धरली. शेवटी म्हणाली, "धुरी सकाळीच देईन, थोडी." आणि लेकीच्या कानाचा रुमाल स्वतःच्या हाताने सैल केला. माझ्या उभ्या आयुष्यात आक्काने माझं ऐकल्याची ही पहिली वेळ. अर्थात तिने माझं नाही, उदबत्तीचं ऐकलं होतं.

दोन-तीन दिवसांत बाळाची मान निवळली. लेक दुपारी गाढ झोपायला लागली. खोलीतला पारा फार उतरला होता अशातला भाग नाही, पण आत गेलं की कपाळावरची आठी जायची.

मला मात्र आत जायला मनाई होती. मग मी थर्मामीटर खोलीत, पाळण्याच्या वरच्या खिळ्याला टांगला. तो बघायला तर कोणीतरी जायला हवं! आक्का दिवसभर राबून अशी झोपायची की कानाशी ढोल वाजला तरी कूस बदलायची नाही. बाळ रडलं की मी "रीडिंग" घ्यायला उठायचो. दुपटं बदलायचो, खांद्यावर टाकून ढेकर काढायचो, लेकीला कोमट पाणी द्यायचो. माझी लेक झाली तेव्हा मी पाळीवर असायचो. यातलं काही मी तेव्हा केलं नव्हतं. ते मला पन्नाशी उलटून गेल्यावर, आक्काला चोरून करायला मिळत होतं, आणि फार आवडत होतं.

बारशाच्या दिवशी सकाळीच लाईट गेली. गावच्या तोंडावरची डीपी उडाली. दुष्काळात तेरावा महिना! झरोक्यातला पंखा थांबला. मी वायरमनला फोन केले, त्याने उचलले नाहीत, मग मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर चिडत राहिलो. अकराच्या सुमाराला वायरमनऐवजी विहीणबाईंची गाडी आली. जावई, विहीणबाई आणि नाव ठेवायला बाळाची आत्या. गाडीची डिकी रिकामी होती, ते मी मंडळी उतरत असतानाच बघून घेतलं. रिकामी डिकी म्हणजे सामान न्यायची तयारी.

विहीणबाई थेट बाळंतिणीच्या खोलीत गेल्या. पाळण्याशी खाली बसल्या आणि प्रवासाच्या घामाने बेजार होऊन पदराने वारा घ्यायला लागल्या. मी दारात उभा राहून त्यांचा पदर बघत होतो. थोड्या वेळाने पदर मंद झाला. मग थांबला. त्यांनी बाळाची मान बघितली, काख बघितली. कुडाला हात लावून बघितला, वर झरोक्याकडे बघितलं. पंखा बंद होता तरी झरोका आपलं काम करत होता, हे मला तेव्हाच कळलं.

माझ्याने राहवेना. "लाईट नाही, नाहीतर याहून बरं वाटलं असतं," मी म्हणालो, आणि स्लॅब, चुना, मांडव, कुड, सगळं सांगायला सुरुवात केली. बाईंनी ऐकून घेतलं.

"छान केलीत हो खोली. फारच छान केलीत," त्या म्हणाल्या. "पण मला उकाड्याची काळजी नव्हतीच."

"म्हणजे?"

"आता तोंडावर कसं बोलायचं! या घरात बाईमाणूस नाही. आक्का किती दिवस राहणार, त्यांचंही वय झालं. रात्री-अपरात्री पोर रडलं, हिला काही हवं झालं, तर उठायचं कोणी? बापाला लेक काय सांगणार? आम्हाला हे बोलता येईना, म्हणून एसी म्हटलं."

दीड महिना मी पेंढ्यात, चुन्यात, कारवीत डोकं घातलं होतं, आणि बाईंच्या मनात उकाडा नव्हताच! रागही आला आणि हसूही, आणि त्याच्या खालून बायकोची आठवण वर आली. ती असती तर हा फोन आलाच नसता.

बोलली माझी लेक. खाटेवर उठून बसली आणि सासूला म्हणाली, "आई, रात्री बाबाच उठतात. रोज. आत्या घोरत असते."

"मी कुठं घोरते गं?" स्वयंपाकघरातून आक्का ओरडली.

"दुपटी तेच बदलतात. मला पाणी तेच देतात. परवा मला रडू येत होतं तर नुसते शेजारी बसून राहिले. आणि सकाळी विचारलं तर म्हणतात, थर्मामीटर बघायला आलो होतो."

आक्का हात पुसत दारात आली. मला वाटलं, आता मेलो. ती माझ्याकडे न बघता विहीणबाईंना म्हणाली, "मला काय ठाऊक नाय व्हय? दोनदा डोळा उघडला माझा. म्हटलं करतोय तर करू दे. बरं जमतंय त्याला."

मी मान खाली घातली. विहीणबाईंनी माझ्याकडे वळून बघितलं.

"डोळे बघा तुमचे," त्या म्हणाल्या. "किती रात्री झोपला नाहीत? पाळण्याला अजून अवकाश आहे. इथेच जरा पडा."

"अहो, पाहुणे..."

"पाहुण्यांचं मी बघते."

"मग... नेणार का तिला?" मी विचारलंच.

"पाळणा होऊ दे. मग बोलू."

कुडाच्या कडेला जमिनीवर मी पाच मिनिटांसाठी आडवा झालो. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा कारवीतून येणारा उजेड पिवळा झाला होता. अंगावर कोणीतरी दुपटं टाकलेलं. पाळण्याला झेंडूच्या माळा बांधलेल्या, आत तांबडं-पिवळं बाळलेणं, आणि पाळणा रिकामा. खाटही रिकामी. घुगऱ्यांचे सांडलेले चार दाणे जमिनीवर. माझ्या अंगावरून बायका गेल्या होत्या, पाळणा म्हटला होता, नाव ठेवून झालं होतं, आणि मी झोपलो होतो. मी धडपडत अंगणात आलो. गाडी नव्हती. चाकांच्या खुणा वळून रस्त्याकडे गेलेल्या.

पायरीवर बसलो. म्हटलं, बरोबर आहे, जो माणूस नातीच्या बारशाला झोपून राहतो त्याच्या भरवशावर कोण लेक ठेवील? निरोप घ्यायला मला उठवलंही नाही, याचं फार वाईट वाटलं. घर पुन्हा एकट्याचं झालं होतं आणि आता त्याच्या एका खोलीत मस्त हवा येत होती.

तेवढ्यात मागच्या बाजूला कोणीतरी मोठ्याने शिंकलं. आक्का. तिची शिंक चौकपर्यंत ऐकू जाते. मी घराला वळसा घालून मागच्या पडवीत गेलो. फणसाच्या सावलीत आक्का भाजी निवडत होती. लेक भिंतीला टेकून वाटीतली हळिवाची खीर खात होती. आणि विहीणबाई पदर खोचून, पाय पसरून बसल्या होत्या. पसरलेल्या पायांवर बाळ.

"उठलात?" त्या म्हणाल्या. "त्याला उद्या ऑफिस आहे, तो बहिणीला घेऊन गेला. मी राहिले चार दिवस. आक्का म्हणाल्या, तुम्हाला झोपेची गरज आहे."

"आणि ही?" मी लेकीकडे बोट केलं.

"ती कुठे जाते? सव्वा महिना व्हायचाय अजून."

लेक खीर खाता खाता हसत होती. ती माहेरी यायला का हटून बसली होती, ते मला इतक्या उशिरा कळलं. तिला घरात गारवा मिळतो की नाही याची पर्वाच नव्हती. तिला मी एकटा जेवतो ते बघवत नव्हतं.

"बाबा, नाव नाही विचारणार?" ती म्हणाली.

"सांग."

तिने सांगितलं. मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी तिला पुन्हा सांगायला लावलं. मग बाळाजवळ खाली बसलो आणि तिला त्या नावाने हाक मारली.